चक्की किधर गई रे?

गेल्या ऑक्टोबरात माझ्या जुन्या संगणकावर एक सूचना रोज येऊ लागली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत अपडेट मिळणार नाहीत, विंडोज ११ वर या. आणि त्याच्याच खाली दुसरी ओळ, तुमचा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. पंधरा वर्षं साथ दिलेल्या यंत्राला एवढ्या दोन ओळींत निरोप. शाळेतल्या एखाद्या जुन्या शिपाईमामांना निवृत्तीचा कागद द्यावा, तसं वाटलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्यासारख्या मास्तरला एवढा संगणक कशाला लागतो, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं उत्तर एका पत्र्याच्या पेटीत आहे. त्या पेटीत माझ्या अब्बांनी भरलेल्या कॅसेटी आहेत. होत्या एकेचाळीस, आता बत्तीस आहेत. उरलेल्या नऊचं काय झालं, ते या लेखात सांगायचं आहे. कारण त्यात पावसाचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे.

आमचा देवगाव फाटा सेलू तालुक्यात, परभणी जिल्ह्यात. मंठ्याकडून चारठाणा-जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सेलूचा रस्ता फुटतो, तिथली ही वस्ती. फाट्यावरच्या गावाला वेस नसते, रस्ता असतो. अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे. माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ती भानगड बंद झाली. रेडिओबरोबर टेप आले आणि अब्बांचा हात टेपवर बसला. मामू आखाती देशातून येताना एक मोठा टू-इन-वन घेऊन आले, त्यात आतच माइक होता. अब्बांनी त्यावर जे ऐकू येईल ते भरायला सुरुवात केली. लग्नातली गाणी, मोहर्रमच्या सवारीपुढची गाणी, उरुसातली कव्वाली, मशिदीच्या ओट्यावर बसून नात म्हणणारी पोरं. आणि नानी.

नानी घरात दखनी बोलायची. ‘नक्को’, ‘कैको’ वाली आपली दखनी. पण जात्यावर बसली की ओवी मराठीतच निघायची. गावात गिरणी आली होती, तरी हरभऱ्याची डाळ ती घरच्या जात्यावरच भरडायची. अब्बांनी तिच्या तीन कॅसेटी भरल्या. तीन तास नानीचा आवाज आणि त्याखाली जात्याची घरघर.

२०११ मध्ये मी पहिल्यांदा या कॅसेटी संगणकात घ्यायला बसलो. संगणक नवा, डोक्यात हवा. सॉफ्टवेअर एका मित्रानं दिलेल्या सीडीतलं, म्हणजे उघड बोलायचं तर चोरीचं. त्यात आवाज साफ करण्याची सोय होती. तिची रीत अशी : जिथे फक्त गोंगाट आहे असा एखाद-दोन सेकंदांचा तुकडा तुम्ही निवडून द्यायचा. संगणक त्या तुकड्यात कोणत्या कंपनसंख्या किती जोरात आहेत ते मोजतो आणि मग पूर्ण मुद्रणातून त्या तेवढ्या दाबून टाकतो. टेपची सूंऽऽ अशी खरखर घालवायला हे उत्तम. मी दोन ओव्यांच्या मधली जागा निवडली. नानी श्वास घेत होती, तिथे गाणं नव्हतं. मला वाटलं, इथे फक्त खरखर आहे.

तिथे जातं होतं.

संगणकानं इमानदारीनं जातं गोंगाट म्हणून मोजलं आणि तिन्ही कॅसेटींतून पुसून काढलं. मला तर आनंद झाला, किती स्वच्छ आवाज! मग सगळ्या एकेचाळीस कॅसेटी दोन सीडींत बसाव्यात म्हणून मी ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री केल्या. मूळ घेतलेलं मोठ्या आकाराचं मुद्रण डिस्कवर जागा होईना म्हणून पुसून टाकलं. संध्याकाळी अम्मीला ऐकवलं. अम्मी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “अम्मा की आवाज तो है. चक्की किधर गई रे?”

कॅसेटी आहेत ना, पुन्हा घेऊ, असं मी म्हणालो. मास्तर लोकांचं ‘पुन्हा’ फार लांबतं. २०१६ मध्ये दुष्काळामागून सप्टेंबरात पाऊस आला, तो मराठवाड्याला आठवत असेल. पत्रा गळला, पेटीत पाणी गेलं. नऊ कॅसेटींच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, बुरशी धरली. नानीच्या तिन्ही त्याच नऊमध्ये होत्या. आता माझ्याजवळ नानी आहे, पण ती जात्याशिवाय गाते.

या चुकीचा विचार करता करता मी आवाज साठवण्याचा इतिहास वाचत गेलो. वाचलं तसं लक्षात आलं, की प्रत्येक यंत्रानं काहीतरी ऐकलं आणि काहीतरी गाळलं. काय गाळायचं हे कधी यंत्राच्या मर्यादेनं ठरवलं, कधी यंत्रामागे बसलेल्या माणसानं.

सुरुवात १९०२ पासून करू. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग त्या वर्षी कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं. तेव्हा माइक नव्हता. गायिकेनं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर पडायची. अवधी जेमतेम तीन मिनिटं. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आलाप गेला, विस्तार गेला, राहिली ती बंदिश आणि धावत्या ताना. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायची. लोकांना ती ऐट वाटते. त्यामागं साधं कारण होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची ते कळायला हवं. यंत्राच्या सोयीसाठी उच्चारलेलं ते नाव आज इतिहास झालं आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अनेक मोठे उस्ताद तेव्हा या यंत्राजवळ जायला तयार नव्हते. विद्या चोरली जाईल, गळा जाईल, अशी भीती होती. ज्यांना समाजानं प्रतिष्ठा दिली नव्हती त्या गाणाऱ्या बायका पुढे आल्या, आणि म्हणून त्यांचे आवाज उरले.

आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं नाव म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खां. किराण्याचे, पण मिरजेत रमले आणि आज मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधीच्या थोड्या वर्षांतल्या त्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्यांत मराठी नाट्यपदंही होती. तोवर, १९२५ नंतर, माइक आणि विजेवरचं मुद्रण आलं होतं. कर्ण्यात ओरडायची गरज संपली, हळू आवाजातला सूरही तबकडीवर उतरू लागला. करीम खांसाहेबांचा तो मुलायम, लांबणारा सूर जगापर्यंत पोचायला गळा तर हवाच होता, पण यंत्राचा कानही सुधारावा लागला. याच खांसाहेबांनी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना श्रुतींच्या मोजमापात साथ दिली होती. देवल निवृत्त सरकारी अधिकारी, खांसाहेब गवई. एक मोजणारा, एक गाणारा. सूर आकड्यात धरता येतो का, हा प्रश्न या दोघांनी संगणकाच्या कितीतरी आधी विचारला होता.

मिरजेचं आणखी एक सांगतो, कारण पुढे त्याची गरज आहे. तिथली सतार आणि तानपुरा देशभर प्रसिद्ध आहेत, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. हे वाद्य बनवणारे घराणे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळवले. हुनर तोच, काम नवीन. यालाच आजच्या भाषेत अपग्रेड म्हणतात.

मग आला रेडिओ. आमचा भाग तेव्हा निझामाच्या राज्यात. हैदराबादचं एक खासगी केंद्र निझाम सरकारनं १९३५ मध्ये ताब्यात घेतलं, पुढे औरंगाबादलाही केंद्र झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांत पाचच केंद्रं होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. पाचांपैकी दोन एका राज्यात, त्यातलं एक मराठवाड्यात. १९५० मध्ये ही दोन्ही आकाशवाणीत विलीन झाली. परभणीला आकाशवाणी बरीच नंतर आली आणि अब्बांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओची परीक्षा परभणी केंद्र लावूनच व्हायची.

पण रेडिओनंही गाळणी लावली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. म्हणे, पट्ट्यांच्या या विलायती पेटीतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. शास्त्र म्हणून मुद्दा खोटा नव्हता. पण कव्वाल, कीर्तनकार, नाटक कंपन्या आणि तमाशातले लोक या पेटीवरच गात होते. बंदी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली आणि मग हळूहळू सैल झाली. तीस वर्षं देशाच्या रेडिओनं एक आवाज गोंगाट म्हणून पुसला. मी दोन सेकंदांचा तुकडा निवडताना केलं, तेच त्यांनी कागदावर सही करून केलं.

कॅसेटनं हे दार उघडलं. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीनं ती आणली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे नव्वद मीटर लांब आणि चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद पट्टी असते, ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. आपल्याकडे तिचा खरा जोर ऐंशीच्या दशकात झाला. तबकडी छापायला कारखाना लागायचा, कॅसेट भरायला दोन टेप आणि एक वायर पुरे. त्याआधी काय छापायचं हे एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवत. आता गल्लीतला माणूस ठरवू लागला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकानं भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. मराठीत त्याचा पुरावा हवा असेल तर भीमगीतं घ्या, भक्तिगीतं घ्या, उरुसातल्या कव्वाल्या घ्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांतून गावोगाव गेले ते कॅसेटमुळे. हे दोघे कव्वालीही गात. एकाच गळ्यात विठ्ठल, भीमराव आणि ख्वाजा. कॅसेटच्या दुकानातही तिघं एकाच फळीवर.

तरी कॅसेटला स्टुडिओ लागायचाच. स्टुडिओ घरात आला तो संगणकामुळे. १९८३ मध्ये मिडी नावाची बोली ठरली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतील अशी सोय. मिडीत आवाज नसतो, फक्त सूचना असतात : ही पट्टी दाबली, एवढ्या जोरानं, एवढा वेळ. नोटेशनची वही म्हणा. १९८९ मध्ये जर्मनीत अटारी संगणकावर क्युबेस आलं. त्याच वर्षी चेन्नईत कोडंबाक्कमला ए. आर. रहमान यांनी घराच्या मागच्या अंगणात आपला पंचतन रेकॉर्ड इन उभा केला. १९९२ चा ‘रोजा’ तिथून निघाला. घरच्या स्टुडिओतून काय होऊ शकतं हे सगळ्या देशानं ऐकलं. १९९६ मध्ये व्हीएसटी आलं, म्हणजे खोलीभर यंत्रं आता सॉफ्टवेअरच्या रूपात पडद्यावर. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या एका कंपनीनं फ्रूटीलूप्स आणलं, आजचं एफएल स्टुडिओ. आपल्याकडे डीजेवर जी रिमिक्स वाजतात, त्यातली कितीतरी याच सॉफ्टवेअरवर बनलेली असतात. २०१६ मध्ये ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद मुद्रित केला, आणि त्याच गाण्यांची रिमिक्स आमच्या फाट्यावरची पोरं पत्र्याच्या खोलीत एका रात्रीत करत होती.

हा सगळा इतिहास वाचताना एका माणसापाशी मी थांबलो. बर्नार्ड बेल, फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात जेम्स किपेन हे संशोधक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खां यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचा विस्तार कसा होतो, कोणता पलटा चालतो आणि कोणता चालत नाही, हे व्याकरणासारखं मांडता येईल का, असा त्यांचा प्रश्न. बेल यांनी त्यासाठी छोट्या ॲपल संगणकावर बोल प्रोसेसर नावाची आज्ञावली लिहिली. संगणकानं बोल रचायचे आणि उस्तादांनी ऐकून सांगायचं, हे बरोबर, हे नाही. शेवटचा शब्द उस्तादांच्या कानाचा.

हेच बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामात आले. त्या दोघांनी महाराष्ट्राच्या हजारापेक्षा जास्त गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, एक लाखावर. त्या संगणकात नोंदवणं आणि बायकांचा आवाज ध्वनिमुद्रित करणं यात बेल यांचा मोठा वाटा. शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून ‘पारी’ या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या उपक्रमानं ते लोकांसमोर आणलं. त्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या भीमरायावरच्या ओव्याही आहेत. मी त्या ऐकल्या तेव्हा नानी आठवली. लोक इतकी वर्षं गावोगाव फिरून ओव्या जपत होते, आणि मी घरात बसून दोन सेकंदांत माझ्या नानीचं जातं पुसलं.

तर आता नव्या संगणकाकडे येतो. कारण ज्यांच्या घरात अशा पेट्या आहेत, त्यांना याचा उपयोग होईल.

जुनी कामं नव्या यंत्रावर उघडतील का, हा पहिला प्रश्न. माझी २०११ ची कामं ३२ बिटच्या जमान्यातली. ३२ बिटचा संगणक जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी ओळखतो. आताचं सगळं ६४ बिट. जुनी प्लगिनं सरळ चालत नाहीत, आणि काहींच्या कंपन्याच बंद झाल्या. कंपनी मोठी असली म्हणून भरवसा नाही. केकवॉक हे सॉफ्टवेअर १९८७ पासूनचं. गिब्सन या गिटारवाल्या कंपनीनं ते घेतलं आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याचं काम बंद केल्याचं जाहीर केलं. तीस वर्षांचे ग्राहक रस्त्यावर. तीन महिन्यांनी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते उचललं म्हणून निभावलं. यातून मी एक नियम शिकलो. काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं त्याच्या फाइलवर विसंबू नये. प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलमध्ये वेगळा काढून ठेवावा. वेव्ह उद्याही कुठेही उघडेल.

दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा. चोरीचं पुन्हा वापरायचं नाही हे ठरवलं होतं. वर्गात मुलांना नक्कल करू नका सांगायचं, अमानतीचे धडे शिकवायचे, आणि घरी दुसऱ्याची मेहनत फुकट वापरायची, हे बरं नाही. मी रीपर घेतलं. २००६ पासूनचं आहे, साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, आणि घरगुती परवाना साठ डॉलरला. आकारानं लहान, जुन्या संगणकावरही चालतं, ३२ बिटची जुनी प्लगिनंही बऱ्याचदा चालवून घेतं. मला भावलं ते वेगळंच. त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुरात असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. तेवढेही पैसे नसतील तर ऑडॅसिटी मोफत आणि खुलं आहे, आणि कॅसेट उतरवायला ते पुरेसं आहे.

तिसरा प्रश्न यंत्राचा. माझा एक माजी विद्यार्थी संगणक जुळवून देतो. वडील वेल्डिंग करायचे, हा मदरबोर्ड जोडतो. मला मिरजेचे शिकलगार आठवले ते याच्यामुळे. तो म्हणाला, “सर, गेमवाला पीसी नका घेऊ. गाण्याला ग्राफिक कार्ड लागत नाही.” त्याच्या सल्ल्यानं सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी एक छोटी एसएसडी आणि मुद्रणासाठी १ टीबीची वेगळी. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा, म्हणजे माइकमध्ये घुंई येत नाही. वीज आमच्याकडे कशी असते हे मी सांगायला नको, म्हणून यूपीएस. सगळं मिळून सत्तेचाळीस हजार. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम निघालं अर्थिंगचं. अर्थिंग नीट नव्हतं म्हणून प्रत्येक मुद्रणात खाली एक जाड गुणगुण यायची, ५० हर्ट्झची, म्हणजे आपल्या विजेची. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं आणि गुणगुण गेली. हजारोंच्या उपकरणाला जे जमलं नसतं, ते कुदळीनं केलं.

गायकाला कानात आपला आवाज उशिरा ऐकू येतो, हीही तक्रार असते. त्याचं गणित सोपं आहे. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यानं उचलतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि गठ्ठा १,०२४ चा, तर उशीर एकवीस मिलिसेकंदांचा. हवेत आवाज तेवढ्या वेळात सात मीटर जातो. म्हणजे साथीला बसलेला दफवाला सात मीटर लांब बसवल्यासारखं. गठ्ठा १२८ चा केला की तो एका मीटरच्या आत, मांडीला मांडी लावून बसतो. त्यासाठीच प्रोसेसर दमदार हवा. नुसती कॅसेट उतरवायची तर याची काहीच गरज नाही.

स्टुडिओ म्हणजे माझी पुस्तकांची खोली. भिंतीला दोन जुन्या गाद्या उभ्या केल्या, दाराला गोधडी. महामार्गावरचे ट्रक थांबत नाहीत, म्हणून मी फजरनंतरची वेळ धरतो. एक-दोघांनी विचारलं, मास्तर, घरात गाण्या-बजावण्याचा कारखाना काढला काय? मी वाद घातला नाही. विसाव्या शतकात लाऊडस्पीकरवर नमाज चालेल का, यावरही आपल्या उलमांत मोठे वाद झाले होते, एवढं फक्त सांगितलं. आणि त्यांच्यापैकी एकाला त्याच्या वडिलांनी म्हटलेली नात ऐकवली, अब्बांच्या कॅसेटमधली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आला.

बत्तीस कॅसेटी उतरवायला बत्तीस तास लागतात, यात कोणतंही अपग्रेड कामाला येत नाही. पट्टी आपल्याच वेगानं चालते. उलट प्रत्येक कॅसेटआधी तयारी : आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवायची, टेपचं हेड स्पिरिटनं पुसायचं, आणि हेडजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहायचा. ज्या टेपवर कॅसेट भरली त्याचं हेड ज्या कोनात होतं तोच कोन साधला, की कोंदलेला आवाज एकदम उघडतो. अब्बा हे कानानं करायचे. मीही आता कानानंच करतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये एका तासाला साधारण एक जीबी लागतो. सगळं मिळून तेहेतीस-चौतीस जीबी, आजच्या हिशोबानं काहीच नाही. २०११ मध्ये जागा नाही म्हणून मी जे पुसलं, ते आज चण्याफुटाण्याच्या भावातल्या पेनड्राइव्हमध्ये बसलं असतं.

आता नवी सॉफ्टवेअरं आवाज वेगळे करून देतात. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर खुलं केलं, त्यानंतर आणखी चांगली आली. गाणं दिलं की गळा वेगळा, तबला वेगळा. मोठ्या आशेनं मी नानीची एमपीथ्री त्यात घातली. काहीच नाही आलं. मिसळलेलं वेगळं करता येतं, पुसलेलं आणता येत नाही. विद्यार्थी म्हणाला, “सर, दुसऱ्या जात्याचा आवाज भरून खाली टाकू, कुणाला कळणार नाही.” त्यानं प्रेमानंच सांगितलं. पण अम्मीला कळलं असतं. आणि पन्नास वर्षांनी कोणी ते ऐकून खरं मानलं असतं, तर इतिहासात मी दुसरी चूक घातली असती. नानीच्या तीन फाइली तशाच ठेवल्या आहेत. सोबत एक साधी मजकुराची फाइल जोडली आहे, तिच्यात लिहिलंय : यात जात्याचा आवाज होता, तो २०११ मध्ये माझ्या हातून पुसला गेला.

डिसेंबरात खाला आली होती. नानीचं जातं नांगर-वखराच्या मोडक्या सामानात पडलं होतं, खुंटा नव्हता. नवा खुंटा ठोकून घेतला. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या. अम्मीचे गुडघे दुखतात, खालाला अर्ध्या ओव्या आठवत नाहीत. मध्ये हसल्या, भांडल्या, कोणती ओळ आधी यावरून. बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. बावन्न मिनिटं झाली. मी माइक खाली ठेवला होता, जात्याच्या जवळ.

मुद्रण संपल्यावर अम्मीच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “चक्की की आवाज जरा जियादाच है.”

म्हटलं, राहू दे.

तुमच्या घरातही अशी पेटी असेल. माळ्यावर, दिवाणात, कपाटाच्या मागे. या पावसाळ्याआधी ती खाली काढा. एखादा चालू टेप शोधा, जवळपासचा कोणताही संगणक आणि एक वायर एवढं पुरे आहे. जसं आहे तसं उतरवा, खरखर, खोकला, कोंबड्याचं आरवणं, सगळ्यासकट. त्याच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. साफ करायची हौस असेल तर प्रतीवर करा, मुळाला हात लावू नका. गोंगाट कोणता आणि गाणं कोणतं, हे आज आपल्याला कळतंच असं नाही.